सातवा डाव राहिला

रोशनी, तुझा सातवा डाव आता होणार नाही. आधी हेच सांगून टाकते. तू म्हणायचीस ना, पुण्याची माणसं वाईट बातमीसुद्धा दारात उभं ठेवूनच देतात, आत या नाही, पाणी घ्या नाही. तर घे, दारातच दिली.

काल तुझ्या ऑफिसात गेले होते. तुझा लॅपटॉप पुसून, कोरा करून एका नव्या मुलीला दिलाय. ती माझ्यासमोरच त्याच्यावर काम करत होती. तिला बिचारीला काहीच माहीत नव्हतं. मला बसायला खुर्ची दिली, पाणी आणून दिलं. चांगली मुलगी आहे, आणि मला तिच्या हातातून ते यंत्र हिसकावून घ्यावंसं वाटत होतं. तिथला कॉम्प्युटर सांभाळणारा माणूस म्हणाला, "मॅडम, माणूस गेला की, म्हणजे, सोडून गेला की, आम्ही लगेच सगळं वाइप करतो. पॉलिसी आहे." परत काही मिळेल का, असं मी विचारलं. तो नाही म्हणाला. मी पुन्हा विचारलं, तो पुन्हा नाही म्हणाला. मग मी जिना उतरून आले आणि खाली पार्किंगमध्ये उभी राहून रडले. वॉचमनने विचारलं, "गाडी सापडत नाहीये का?" मी हो म्हटलं.

लोक मला विचारतात, तुमची कोण? फ्लॅटमेट म्हटलं की त्यांचा चेहरा जरा सैलावतो. बहीण म्हटलं असतं तर चहा तरी मिळाला असता. एकाच गॅसवर इतकी वर्षं पोळ्या केल्या, तुझ्या तिखटानं माझं पोट बिघडलं, माझ्या भाजीतल्या गुळानं तुझं डोकं फिरलं, त्याला काय म्हणतात ते मला ठाऊक नाही. शनिवार पेठेत आईबापांचं घर असताना मी धायरीत भाड्यानं राहते, कारण आईचं आणि माझं एका ओट्यापाशी जमत नाही. आणि अमरावतीकडून आलेल्या तुझं माझं मात्र जमलं. म्हणजे भांडणं रोज व्हायची. पण ती जमल्यातलीच.

ते खोकं तू जुन्या बाजारात उचललंस. मी आपली पितळी अडकित्ता शोधत होते आणि तू मातीत उकिडवी बसून त्या विक्रेत्याशी हुज्जत घालत होतीस. लहानपणी टीव्हीला जोडायचो तसला व्हिडिओ गेम, दोन रिमोट, एक मोडकी बंदूक आणि वरच्या खाचेत खुपसायची एक कॅसेट. घरी आल्यावर तू ती कॅसेट उघडलीस, आतली हिरवी पट्टी उजेडात धरलीस आणि म्हणालीस, "यातली चिप काढून मी माझी टाकते. सॉफ्टबॉलचा गेम बनवते."

मी म्हटलं, "क्रिकेटचा कर. सॉफ्टबॉल कोण खेळतं?"

"आम्ही खेळायचो ना," तू म्हणालीस आणि पोळ्या लाटायला उठलीस. तेव्हा एवढंच.

नव्या चपट्या टीव्हीवर ते खोकं चालेना, म्हणून आईच्या माळ्यावरचा जुना बोजड टीव्ही आपण रिक्षात घालून आणला. रिक्षावाला म्हणाला, "ताई, हा मेल्यावर सुद्धा कुणी नेत नाही." तू सिंहगड रोडभर त्याला हसत होतीस. मला मात्र टीव्हीची काच मांडीवर टेकल्यामुळे हसता येत नव्हतं.

तू आतलं गणित लिहायचीस आणि मी चित्रं काढायचे. मी दिवसभर मसाल्याच्या पाकिटांवर मिरच्या आणि लवंगा काढते, तर संध्याकाळी मुली काढायला काय हरकत होती? पण तुझं ते यंत्र भारी कद्रू. एका बाहुलीला तीनच रंग. कातडीचा एक, फ्रॉकचा एक, केसांचा एक, झालं. डोळे काढायचे तर केसांचाच रंग वापरायचा. आणि एका ओळीत फार मुली आल्या की त्या लुकलुकायला लागायच्या, मध्येच दिसायच्या, मध्येच नाहीशा व्हायच्या. मी म्हटलं, हे दुरुस्त कर, वाईट दिसतं. तू म्हणालीस, "राहू दे वं मृणाल. आमची टीम अशीच होती. अर्ध्या पोरी डबा न आणणाऱ्या, दुपारनंतर लुकलुकतच खेळायच्या."

मैदानात तू काय काय आणून ठेवलंस. डावीकडे लांब एक म्हैस बसवलीस. चेंडू तिच्याखाली गेला की ती उठेपर्यंत कुणी काही करायचं नाही. पीटीचे सर अंपायर, पण ते शेंगदाणे खातात. त्यांची नजर पुडीत असताना कुणी बाद झालं तर ते त्यांना दिसतच नाही. आणि सगळ्यात मला आवडलेली गोष्ट म्हणजे ती आई. ऐन रंगात कुंपणापाशी एक बाई येते, हात हलवते आणि फिल्डिंगमधली एक मुलगी निमूट तिच्यामागे निघून जाते. नळाला पाणी आलेलं असतं. उरलेला डाव एक मुलगी कमी घेऊन खेळायचा. जगातल्या कुठल्या गेममध्ये असं होत असेल? मी हसून हसून जमिनीवर बसले होते. तू अजिबात हसली नव्हतीस. "हसतेस काय? खरंच न्यायच्या," म्हणालीस.

माझी आई एकदा आली होती, आपण नीट राहतो की नाही हे बघायला. तिनं खेळून पाहिलं. "ही म्हैस मध्येच का बसलीये?" तिनं विचारलं. तू म्हणालीस, "काकू, ती तिची जागा आहे. आपण मध्ये आलो." आईला ते इतकं पटलं की पुढं किती तरी दिवस ती मला फोनवर, तुझी ती विदर्भातली मैत्रीण शहाणी आहे हो, असं ऐकवत होती. मी शहाणी आहे असं ती आजवर म्हणाली नाही.

सहा डाव झाले. सॉफ्टबॉलला सात लागतात, हे तोवर मलाही कळलं होतं. सातवा तू लिहीनास. कधी म्हशीला शेपूट हलवायला शिकवायचीस, कधी शाळेच्या घंटेचा आवाज बसवत बसायचीस. मी मागे लागले. म्हटलं, म्हैस पुरे, सातवा घे. तू म्हणायचीस, "घेते वं. घाई काय आहे?"

मग एका रविवारी तू ते सांगितलंस. आपण कुठल्याशा शाळेवरून चाललो होतो आणि तू भिंतीवरून टाचा उंचावून आत बघत होतीस. ते तू नेहमीच करायचीस, पुण्यातल्या प्रत्येक शाळेच्या मैदानात डोकवायचीस. मला वाटायचं, खोड आहे. तेव्हा तू म्हणालीस, "हे पण नव्हे. त्या मैदानाला पिंपळ होता."

तुमची शाळा राज्याच्या स्पर्धेला पुण्यात आली होती. तू पहिल्यांदा पुणं पाहिलंस ते तेव्हा. समोर पुण्याच्याच मुली, पांढरे बूट घातलेल्या. सामना उशिरा सुरू झाला, लांबला. सातवा डाव, तुमची बॅटिंग, बरोबरीला एकच रन कमी आणि तू तिसऱ्या बेसवर उभी, तिथून घरी, म्हणजे होम बेसला, पोचलीस की रन. पीटीच्या सरांनी घड्याळ पाहिलं. संध्याकाळच्या गाडीचं रिझर्वेशन होतं, आणि ती चुकली असती तर एवढ्या पोरींना रात्रभर परक्या गावात कुठं ठेवायचं, घरी काय सांगायचं. सरांनी जाऊन अंपायरच्या कानात काही सांगितलं. समोरच्या जिंकल्याचं जाहीर झालं. तुला कुणी हाक मारली आणि तू तिसऱ्या बेसवरून सरळ टेम्पोकडे चालत गेलीस. सरांनी स्टेशनवर सगळ्यांना केळी घेऊन दिली. तुझा त्यांच्यावर राग नव्हता. "त्यांचं बरोबरच होतं," असं तू म्हणालीस, आणि मला त्या बरोबर असण्याचाच जास्त संताप आला.

तर सातवा डाव हा त्यासाठी होता. गाडीची वेळ नसलेला सातवा डाव.

त्यानंतर आपलं जे भांडण झालं ते अजून संपलेलं नाही. मी म्हणत होते की तो डाव असा लिही की खेळणाऱ्यानं काही केलं तरी तिसऱ्या बेसवरची मुलगी घरी पोचलीच पाहिजे. तुझ्याच हातातलं यंत्र आहे, तुला कोण विचारणार? तू म्हणायचीस, "तसं फुकटचं नको मले." मी म्हटलं, मग निदान तिला संधी तरी दे, रोज उद्यावर काय ढकलतेस? एकदा मी वैतागून म्हटलं, "तुला तो सामना संपवायचाच नाहीये."

तू कुकरच्या शिट्ट्या मोजल्यास. मग म्हणालीस, "संपला तर मग मी काय करू वं?"

मी गॅस बंद केला. आणि त्याच आठवड्यात तू लिहायला लागलीस. ऑफिसच्या लॅपटॉपवर, कारण तुझा स्वतःचा बंद पडला होता आणि दुरुस्तीला टाकायचा राहिला होता. मी मागून डोकावले की पडदा मिटायचीस. "बघू नको. झाला की दाखवते." तुझा चेहरा त्या दिवसांत इतका उजळला होता की मी मुद्दाम चहा घेऊन तुझ्या खोलीत यायचे. डोकं दुखतंय म्हणायचीस. आपण दोघींनी ते चष्म्यावर ढकललं.

मग ऑफिसातच तू कोसळलीस. डॉक्टरांनी मेंदूतली शीर फुटली म्हणून सांगितलं. तू डोळे उघडले नाहीस, काही बोलली नाहीस, निरोप बिरोप काही नाही. मी तुझ्या उशाशी बसून मसाल्याच्या पाकिटांचे फोन घेत होते, दुसरं काय करणार होते?

तुझे बाबा आणि आई गावाहून आले. सगळं इथंच करायचं ठरलं, कारण तुझा भाऊ चाकणला कामाला आणि तुझं घर म्हणशील तर आता धायरीच. मला कुणी परकं मानलं नाही. तुझ्या आईनं माझ्याच स्वयंपाकघरात मला वाढलं.

आणि निलेशनं, तुझ्या भावानं, एक काम अगदी चोख केलं. तुमच्याकडं म्हणे दहाव्याच्या आत मेलेल्या माणसापाशी असलेली दुसऱ्याची वस्तू ज्याची त्याला पोचती करतात, नाही तर त्याच्या पायात अडकते. तो तुझ्या खोलीत शोधत राहिला. शेजारणीचा डबा दिला. ग्रंथालयाचं पुस्तक नेऊन दिलं. हॉस्पिटलातून तुझ्या बॅगेसोबत घरी आलेल्या लॅपटॉपवर कंपनीचं लेबल पाहिलं, मऊ फडक्यानं पुसला, वायर नीट गुंडाळली आणि चाकणहून सुट्टी काढून तुझ्या ऑफिसात जाऊन सही घेऊन आला. तेव्हा मी कामावर होते. संध्याकाळी तो म्हणाला, "ताई, आता तिच्यावर कुणाचं काही राह्यलं नाही." आत काय होतं हे त्याला कुठून ठाऊक असणार? मला ठाऊक होतं, पण मला वाटलं ऑफिस आहे, ठेवतील कपाटात, पुढच्या आठवड्यात जाऊन कॉपी करून आणू. त्याच्यावर रागावता येत नाही गं. त्यानं तुझी वाट मोकळी करायला म्हणून केलं.

दहावा ओंकारेश्वराच्या घाटावर केला. माझं लहानपण त्या कावळ्यांच्या शेजारात गेलंय. मी यातलं काही मानत नाही, हे तुला माहितीये. ते कावळे रोज इतके पिंड खातात की त्यांचं पोट भरलेलं असतं, म्हणून येत नाहीत, असं मी तुला कितीदा सांगितलं होतं. तर तुझ्या पिंडापाशी येईनात. समोरच्या झाडावर बसून मान वाकडी करून बघत होते.

गुरुजी म्हणाले, "काही इच्छा राहिली असेल तर बोला, मंडळी." तुझे मामा पुढे झाले. "पोरी, तुझ्या लहान बहिणीचं लग्न आम्ही थाटात करून देऊ, फिकर नको करू." कावळे जागचे हलले नाहीत. निलेश म्हणाला, "रोशे, तुझी स्कूटी मी विकत नाही, मीच चालवीन." तरी नाही. तुझी आई नुसतीच हात जोडून उभी होती. पलीकडे दुसरी मंडळी ताटकळत होती. गुरुजींनी दर्भ हातात घेतला, आता दर्भाचाच कावळा करून शिवायचा म्हणून.

तेव्हा तुझे बाबा माझ्याकडे वळले. आयुष्यभर एसटीत कंडक्टर होते ना, आवाज कसा खणखणीत असायचा फोनवर. तो कुठं गेला होता कोण जाणे. म्हणाले, "बाई, तुमच्यासंग राह्यली पोरगी. काय राह्यलं असन तिचं, तुमाले ठाऊक."

मला ठाऊक होतं. मी चप्पल काढून पुढं गेले. या सगळ्याला नावं ठेवत मोठी झालेली मी, हात जोडून भर घाटावर म्हणाले, "रोशनी, सातवा डाव मी पूर्ण करीन."

आणि कावळा उतरला, गं. लगेच उतरला. उड्या मारत आला आणि शिवला.

तुझी आई मोठ्यानं रडली. मामांनी हळूच विचारलं, "सातवा काय म्हणल्या?" तुझ्या बाबांनी त्यांना हातानं गप्प केलं. सगळे मोकळे झाल्यासारखे दिसत होते, आणि खोटं कशाला सांगू, मीही झाले. त्या क्षणी मला वाटलं, हे एक काम तर आपल्याला करता येईल.

मग काल ऑफिसात गेले. तिथं काय झालं ते वर सांगितलंच. तुझा बंद पडलेला लॅपटॉप आधीच दुरुस्त करून घेतला होता, त्यात नुसतं मैदान आणि म्हैस निघाली. कॅसेट आहे, सहा डाव आहेत, सहावा संपला की गुणांचा फळा येतो आणि यंत्र तिथंच थांबतं. तुझ्या ओळखीतला तो पोरगा, जो असल्या जुन्या गेमची दुरुस्ती करतो, त्याला आज सकाळी दाखवली. तो म्हणाला, चिपमधलं वाचता येईल, पण ते नुसते आकडे, थालीपिठातून परत भाजणी काढण्यासारखं आहे. माझा चेहरा बघून त्यानं तोडगा सुचवला. सहावाच डाव पुन्हा चालवतो, वर सात लिहितो, कुणाला कळणार नाही. मी म्हटलं, नको. त्यानं कारण विचारलं. मी त्याच्यावर उगाच खेकसले.

तू काय लिहिलं होतंस, हे आता कुणालाच कळणार नाही. ती मुलगी घरी पोचत होती की नव्हती? माझं ऐकलं होतंस का शेवटी? एवढं तरी सांगून जायचं. मी तुझ्यावर चिडलेय, रोशनी. चहाचे इतके कप आणून दिले, एक ओळ दाखवली असतीस तर काय बिघडलं असतं?

तुझ्या बाबांचा फोन येतो. जेवलात का, गॅस संपला का, असं विचारतात आणि शेवटी हळूच म्हणतात, "तिचं ते काम चालू हाय ना, बाई? झालं की सांगा. तिच्या मायले दाखवू." आजही आला होता. मी म्हटलं, चालू आहे, काका. दुसरं काय म्हणू? तेवढ्यावरच दोघं म्हातारी झोपतात.

पण तुला खोटं सांगणार नाही. मला एक गोष्ट गिळता येत नाहीये. मी घाटावर गप्प बसले असते तर गुरुजींनी दर्भाचा कावळा केला असता, सगळे जेवायला गेले असते आणि तुझे मामा वर्षभर म्हणत राहिले असते की पोरीचा जीव कशात तरी घोटाळलाय. घोटाळू दे की. धायरीच्या फ्लॅटमध्ये घोटाळायला जागा आहे. तुझी खोली मी अजून कुणाला दिलेली नाही. सातव्या डावासाठी तू थांबली असतीस, आणि तो तर कधीच होणार नव्हता, म्हणजे तू इथून हललीच नसतीस. मी यातलं काही मानत नाही. तरी सकाळपासून हेच डोक्यात चाललंय. पाणी भरायला बोलावणारी आई, शेंगदाणे खात गाडीची वेळ झाली म्हणणारे सर, कुणीच तुला नेलं नाही. मीच जा म्हटलं, आणि तू माझ्या शब्दावर गेलीस.